‘ऑफ’ लहान, मग ‘फ्रॉम’ मोठा का? शोधनिबंधाच्या शीर्षकातली कॅपिटल अक्षरं

माझी भाची गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली, आज एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि खाजन जमिनीतल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीतल्या, कोरगुट नावाच्या भातावर प्रबंध लिहिते आहे. मागच्या महिन्यात तिचं शीर्षकाचं पान परत आलं. शेरा होता, "प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू करा." तिने केला. पुन्हा परत आलं, "‘ऑफ’ आणि ‘इन’ स्मॉल करा." तेही केलं. तिसऱ्या खेपेला शीर्षक सुटलं, पण शेवटच्या संदर्भसूचीवर लाल शाई फिरली होती, "इथे एवढी कॅपिटल कशाला?" संध्याकाळी तिचा फोन आला. "मामा, माझं इंग्रजी कच्चं आहे हे मला ठाऊक आहे. पण इतकं?"

तिचं इंग्रजी कच्चं नाही. इंग्रजी मजकूर तपासायचं काम मी अनेक वर्षं करतो आहे, आणि ज्यांचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं असे प्राध्यापकही नेमके इथेच अडखळताना मी पाहिले आहेत. शीर्षकात कुठलं अक्षर मोठं नि कुठलं लहान, हे शाळेच्या व्याकरणात कुणी शिकवत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीची आणि चौथ्या वर्षी संशोधनाची सोय आली, तेव्हापासून तर विशीतल्या मुलांनाही प्रबंधाला हात घालावा लागतो आहे. त्यांच्यापैकी कुणी भाचीसारखं स्वतःला दोष देत बसू नये, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

## आपल्या लिपीत हा प्रश्नच नाही

देवनागरीत ‘क’ एकच. वाक्याच्या सुरुवातीला तोच, मध्ये तोच, माणसाच्या नावात तोच. "गुलाब आला" असं लिहिलं तर फूल आलं की गुलाब नावाचा माणूस, हे पुढच्यामागच्या वाक्यावरून कळतं. अक्षर काही सांगत नाही. रोमन लिपीत मात्र प्रत्येक अक्षराचे दोन अवतार आहेत. मोठी अक्षरं आधीची, प्राचीन रोमच्या शिलालेखांतली. लहान अक्षरं पुढच्या काही शतकांत, लेखणीने भराभर लिहिता लिहिता घडत गेली. छपाई आल्यावर जुळाऱ्यापुढे खिळ्यांच्या दोन पेट्या असत. वरच्या पेटीत मोठी अक्षरं, खालच्या पेटीत लहान. इंग्रजीत त्यांना ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ म्हणतात ते त्यामुळेच. केस म्हणजे पेटी.

आपल्या गोव्याचा या खिळ्यांशी संबंध फार जुना आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथेच, जुन्या गोव्यात सुरू झाला. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. म्हणजे मराठी भाषा चारशे वर्षांपूर्वी गोव्यात रोमन पेहरावात छापून झालेली आहे. रोमी कोंकणी वाचणाऱ्यांना तर आजही हा पेहराव रोजचाच.

## माटोळीतली फळं आणि दोर

शोधनिबंधाच्या शीर्षकाला कॅपिटल लावण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली ‘सेंटेन्स केस’, म्हणजे शीर्षक साध्या वाक्यासारखं लिहायचं. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, मध्ये विशेषनाम आलं तर त्याचं कॅपिटल, बाकी सगळं लहान. दुसरी ‘टायटल केस’, म्हणजे महत्त्वाच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि फक्त जोडकाम करणारे बारके शब्द लहान.

टायटल केस समजून घ्यायला चवथीची माटोळी आठवा. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात, तिला असोले नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, निरफणस बांधतात. बांधायला केवणीचे दोर. पाहणाऱ्याने पाहायची ती फळं. दोर नसले तर सगळं खाली पडेल, पण दोर दाखवण्यासाठी कुणी माटोळी बांधत नाही. शीर्षकात नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण, सर्वनाम ही फळं, आणि ‘ऑफ’, ‘इन’, ‘द’, ‘अँड’ हे दोर. फळं मोठ्या अक्षराने, दोर लहान अक्षराने. एक अपवाद मात्र सगळीकडे मान्य आहे: शीर्षकाचा पहिलाच शब्द दोर असला, तरी तो कॅपिटलने सुरू होतो.

मराठी माध्यमातल्या मुलांना दोर कुठला हे पटकन ओळखता येत नाही, याला कारण आहे. आपल्याकडे हे दोर फळालाच चिकटून येतात. आपण ‘भातावर’ म्हणतो, ‘गोव्यातला’ म्हणतो. शब्दयोगी अव्यय नावातच सांगतं, योगी म्हणजे जोडलेलं. इंग्रजीत ‘ऑन’ वेगळा, ‘राइस’ वेगळा. सुटा शब्द दिसला की तोही स्वतंत्र वाटतो, मग त्यालाही कॅपिटल द्यावंसं वाटतं. शीर्षकाचं मनातल्या मनात मराठी करून बघायचं. जो शब्द मराठीत दुसऱ्याला चिकटतो किंवा ‘आणि’, ‘किंवा’ होऊन मध्ये बसतो, तो बहुतेक वेळा दोर. ‘द’ आणि ‘अ’ ही उपपदं तर मराठीत नाहीतच.

## एकच शीर्षक: सात, सहा, एक

उदाहरण गोव्याच्याच एका सुपुत्राचं घेऊ. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात कोसबेनला झाला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती दूर आहेत हे मोजण्याचं एक सूत्र त्यांनी १९४४ साली मांडलं. आनुवंशिकी शिकणाऱ्यांना ते आजही कोसंबींच्याच नावाने शिकवतात. निबंधाचं शीर्षक होतं ‘द एस्टिमेशन ऑफ मॅप डिस्टन्सेस फ्रॉम रिकॉम्बिनेशन व्हॅल्यूज’. आठ शब्द.

सेंटेन्स केसमध्ये यातलं एकच अक्षर कॅपिटल, सुरुवातीच्या ‘द’चं. आत विशेषनाम एकही नाही.

टायटल केसमध्ये ‘द’ पहिला म्हणून मोठा, ‘एस्टिमेशन’, ‘मॅप’, ‘डिस्टन्सेस’, ‘रिकॉम्बिनेशन’, ‘व्हॅल्यूज’ ही फळं म्हणून मोठी. झाली सहा. ‘ऑफ’ सगळ्यांच्या मते लहान. राहिला ‘फ्रॉम’, आणि भांडण त्याच्यावरच आहे.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची रीत सांगते की चार किंवा जास्त अक्षरांचा शब्द असला की कॅपिटल, मग तो दोर का असेना. ‘फ्रॉम’ला रोमनमध्ये चार अक्षरं, म्हणून तो मोठा. एकूण सात. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची, म्हणजे एमएलएची रीत म्हणते, दोर कितीही जाडा झाला तरी दोरच, ‘फ्रॉम’ लहान. एकूण सहा. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाची नियमपुस्तिका १९०६पासून निघते. तीही बराच काळ एमएलएच्याच बाजूने होती, पण २०२४च्या अठराव्या आवृत्तीत तिने मत बदललं आणि पाच किंवा जास्त अक्षरांच्या दोरांना कॅपिटल द्यायला सुरुवात केली. तिथे ‘फ्रॉम’ अजून लहानच राहतो. पण ‘बिट्वीन’ आणि ‘थ्रू’, जे कालपर्यंत लहान होते, ते आता मोठे झाले.

मग बरोबर कोण? एका घरात गणपती दीड दिवसाचा, शेजारच्या घरात पाच दिवसांचा. दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर. दीड दिवसाच्या घरी पाचव्या दिवशी विसर्जनाला गेलात तर मात्र चूक तुमची. निबंध ज्या नियतकालिकाकडे किंवा प्रबंध ज्या विभागाकडे जायचा, त्यांची रीत आधी विचारायची आणि शेवटपर्यंत तीच पाळायची.

## लहान शब्द म्हणजे दोर नव्हे

सगळ्यात जास्त चुका मला इथे सापडतात. विद्यार्थी लांबी मोजतात, काम बघत नाहीत. ‘इज’, ‘आर’, ‘बी’ ही क्रियापदं आहेत; दोन-तीन अक्षरांची असली तरी टायटल केसमध्ये ती कॅपिटल. ‘इट’, ‘वी’ ही सर्वनामं, तीही कॅपिटल. ‘नॉट’सुद्धा. एपीएचा चार अक्षरांचा नियम फक्त दोरांना आत घ्यायला आहे, फळांना बाहेर काढायला नाही. लहानशी सुपारी माटोळीत बांधली म्हणून ती दोर होत नाही.

उलट बाजूही आहे. ‘अप’ किंवा ‘डाउन’ एरवी दोर, पण क्रियापदाला चिकटून त्याचा अर्थच बदलत असतील तर ते त्या क्रियापदाचाच भाग. ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणं. तिथे ‘डाउन’ कॅपिटल.

## एकाच प्रबंधात दोन रीती कशा?

भाचीची तिसरी लाल शाई याची होती, आणि तिचा राग मला अगदी रास्त वाटतो. एपीएची रीत असं सांगते: तुमच्या स्वतःच्या निबंधाचं शीर्षक आणि आतली उपशीर्षकं टायटल केसमध्ये, पण शेवटच्या संदर्भसूचीत दुसऱ्यांच्या लेखांची नि पुस्तकांची शीर्षकं सेंटेन्स केसमध्ये. त्याच सूचीत, त्याच ओळीत, नियतकालिकाचं नाव मात्र टायटल केसमध्ये.

लग्नातलं माणूस आणि रेशनच्या रांगेतलं माणूस एकच असतं, पेहराव वेगळा. मुखपृष्ठावर शीर्षक एकटं उभं असतं, तिथे त्याने नटावं. सूचीत शंभर शीर्षकं एकाखाली एक येतात. सगळीच नटली तर डोळा कुठे थांबवायचा? नियतकालिकाचं नाव मोठ्या अक्षरांनी राहतं, कारण ते विशेषनाम आहे, घरावरच्या पाटीसारखं. लेखाचं शीर्षक घरात काय आहे ते सांगतं, पाटी घर कुणाचं ते.

एमएलए हा फरक करत नाही, तिथे सूचीतही टायटल केस. वैद्यकशास्त्रातली व्हँकुव्हर रीत, जी १९७८ साली त्या शहरात भरलेल्या संपादकांच्या बैठकीतून निघाली, ती सूचीत सेंटेन्स केस वापरते. अपूर्णविरामानंतरच्या उपशीर्षकाचं पहिलं अक्षर एपीएत कॅपिटल, व्हँकुव्हरच्या धाटणीत सहसा लहान.

## साध्या रीतीतही काय मोठंच राहतं

खरं ज्ञान लागतं ते इथे. टायटल केस सोपी, जवळजवळ सगळंच मोठं. सेंटेन्स केस लिहिताना मात्र प्रत्येक शब्दापुढे थांबून विचारावं लागतं: हे विशेषनाम आहे का?

‘लाइफ इन ओल्ड गोवा’ असं एक शीर्षक घ्या. टायटल केसमध्ये ‘ओल्ड’ मोठाच असणार, त्यावरून काही कळत नाही. सेंटेन्स केसमध्ये ‘ओल्ड’चा ओ मोठा असेल तर लेख मांडवीकाठच्या जुन्या गोव्याबद्दल, बॉम जेजू चर्चच्या परिसराबद्दल. ओ लहान असेल तर लेख पूर्वीच्या काळच्या गोव्याबद्दल, मग त्यात काणकोणही येईल नि पेडणेही. एका अक्षराच्या उंचीवर लेखाचा विषय बदलला. ‘न्यू काँक्वेस्ट्स’चंही तसंच. दोन्ही शब्द मोठे असले तर त्या आपल्या नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेला फोंडा-डिचोली-सत्तरी वगैरे मुलूख. लहान असले तर कुणीतरी कुठेतरी नवे केलेले कोणतेही विजय. ‘वेस्टर्न घाट्स’ मोठं, कारण ते पर्वतरांगेचं नाव; पण सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या उताराला ‘वेस्टर्न स्लोप’ म्हटलं तर लहान, ती केवळ दिशा.

वनस्पती आणि प्राण्यांची शास्त्रीय नावं अनेकांना चकवतात. भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं नाव गार्सिनिया इंडिका. पहिला शब्द प्रजातीगटाचा, तो नेहमी कॅपिटलने; दुसरा जातीचा, तो नेहमी लहान. ‘इंडिका’त भारताचं नाव आहे, तरी लहान. टायटल केसमध्येसुद्धा लहान, कारण इथे शास्त्राचा नियम छापखान्याच्या नियमावर मात करतो. काजूचं अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले, तिथेही तसंच. (जाता जाता: गार्सिनिया हे नाव गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्तावरून पडलं असं पुष्कळांना वाटतं. ते लोराँ गार्सें या दुसऱ्याच निसर्गअभ्यासकावरून आहे. ओर्ताने गोव्यात छापलेला औषधींवरचा ग्रंथ १५६३ सालचा. त्याच्या नावातला ‘द’ मात्र नावाचाच भाग असल्याने टायटल केसमध्येही लहान राहतो.)

रोगांची नावं बघा. सत्तरीत ज्याला आपण माकडताप म्हणतो त्याचं इंग्रजी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. क्यासनूरचं जंगल ही कर्नाटकातली जागा, म्हणून पहिले दोन शब्द मोठे. ‘डिसीज’ सामान्यनाम, सेंटेन्स केसमध्ये लहान. कोसंबी फंक्शनमध्ये, म्हणजे वरच्या त्या सूत्राच्या नावात, कोसंबी मोठं, फंक्शन लहान. आणि काही चिन्हं अशी आहेत की त्यांना हातच लावायचा नाही. आम्लता मोजायच्या ‘पीएच’मधला पी कायम लहान आणि एच कायम मोठा, मग तो शीर्षकात पहिला आला तरी. रसायनशास्त्रात सी मोठा नि ओ लहान म्हणजे कोबाल्ट. दोन्ही मोठे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, एक धातू आणि एक विषारी वायू.

## "सगळीच अक्षरं मोठी केली तर?"

प्रबंधाच्या मुखपृष्ठावर तसं मागतात, तेव्हा करावंच लागतं. पण वर सांगितलेले सगळे फरक त्यात पुसले जातात. जुनं गोवं आणि पूर्वीचं गोवं एक होतं, कोबाल्टचा वायू होतो. मोठ्या अक्षरांची उंची सारखी असल्याने शब्दाचा आकार डोळ्याला पकडता येत नाही, लांब शीर्षक वाचायला जड जातं. मुखपृष्ठापुरतं ठीक, तिथून उचलून सूचीत तसंच चिकटवू नका.

## "संगणक करील की!"

वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ-३ दाबलं की अक्षरं बदलतात खरी. पण तिथला प्रत्येक शब्द कॅपिटल करणारा पर्याय फळ आणि दोर ओळखत नाही. ‘ऑफ’लाही मोठा करतो. भाचीचं दुसऱ्या खेपेचं पान तसंच झालं होतं.

साध्या रीतीतून नटलेल्या रीतीत जाणं यंत्राला बऱ्यापैकी जमतं, दोरांची यादी दिली की झालं. उलट जाणं जमत नाही, कारण ‘ओल्ड’ नाव आहे की विशेषण हे यंत्राला कुठून कळणार? म्हणून झोटेरोसारखी संदर्भ सांभाळणारी साधनं सांगतात की शीर्षकं सेंटेन्स केसमध्येच साठवा. बिबटेक हे संदर्भसूची बनवणारं साधन वापरणाऱ्यांना दुसरा अनुभव येतो. त्यातल्या काही शैली शीर्षकातली कॅपिटल परस्पर लहान करतात, आणि गोव्याचा जी नि डीएनएची तिन्ही अक्षरं लहान होऊन छापली जातात. ती वाचवायला तो शब्द महिरपी कंसात ठेवावा लागतो.

मराठी लेखाचं नाव रोमनमध्ये लिहायचं असेल तर आणखी जपून. इंग्रजीखेरीज इतर भाषांतली शीर्षकं शिकागोच्या रीतीत सेंटेन्स केसमध्येच घेतात. त्यातही आयट्रान्ससारखी काही लिप्यंतरं कॅपिटल अक्षराचा उपयोग वेगळा आवाज दाखवायला करतात: लहान टी म्हणजे ‘त’, मोठा टी म्हणजे ‘ट’. तिथे सवयीने पहिलं अक्षर कॅपिटल केलं की ‘तळे’चं ‘टळे’ होतं.

## "याने संशोधनात काय फरक पडतो?"

भाचीने मोजलेलं मातीतलं मीठ बरोबर असेल, तर ‘ऑन’ मोठा लिहिल्याने ते चुकत नाही. शोधयंत्रांनाही सहसा अक्षर मोठं की लहान याने फरक पडत नाही. निबंध स्वीकारला गेला की बहुतेक नियतकालिकं शीर्षक आपल्या रीतीत स्वतःच बसवून घेतात. म्हणून यासाठी गुण कापणं किंवा पान तीनदा परत पाठवणं मला योग्य वाटत नाही. पहिल्याच दिवशी "आपल्याकडे एपीए, सातवी आवृत्ती" एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर तिचे तीन आठवडे वाचले असते. मार्गदर्शकांनी ते सांगावं, आणि सांगितलं नाही तर विद्यार्थ्यांनी न संकोचता विचारावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

फरक पडतो तो विशेषनामांत आणि शास्त्रीय नावांत. तिथे चुकलेलं अक्षर म्हणजे चुकीची माहिती.

भाचीचं शीर्षक आम्ही शेवटी एकत्र बसून लिहिलं: ‘इफेक्ट ऑफ सॉइल सॅलिनिटी ऑन द यील्ड ऑफ कोरगुट राइस इन द खाजन लँड्स ऑफ गोवा’. सोळा शब्द, त्यात सात दोर, सगळे तीन किंवा कमी अक्षरांचे, त्यामुळे टायटल केसमध्ये कुठलीही रीत घेतली तरी नऊच कॅपिटल. मग तिने वही पुढे ओढली आणि सेंटेन्स केसमध्ये लिहायला घेतलं. ‘इफेक्ट’ मोठा, ‘गोवा’ मोठा. कोरगुटपाशी पेन थांबलं. हे एका ठरावीक भाताचं नाव, वाणाचं नाव, म्हणजे के मोठा. पुढे खाजन. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या कुठल्याही जमिनीला आपण खाजन म्हणतो, तेव्हा हा के लहान. तिने दोन्ही के लिहिले आणि मला न विचारता पुढची ओळ सुरू केली.